पैशांचे आलेख कसे वाचावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वीजबिल, फंडाची जाहिरात, बाजार समितीचे भाव, दुकानाची विक्री, टीव्हीवरचा सेन्सेक्स अशा सगळ्यांबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आलेख समोर आला की सर्वांत आधी काय पाहायचं?

रेषा वर जाते की खाली, हे सगळ्यात शेवटी पाहा. आधी कडा वाचा. उभ्या अक्षावर काय मोजलंय, कोणत्या एककात, आडव्या अक्षावर कोणता काळ आहे आणि आकडे कुणी दिलेत, या चार गोष्टी कळल्याशिवाय रेषेला काही अर्थ नसतो.

घरातलंच उदाहरण घ्या. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचे स्तंभ असतात. ते युनिटचे असतात, रुपयांचे नाहीत. त्यामुळे स्तंभ तेवढाच राहूनही दर वाढल्यामुळे बिल वाढू शकतं. शिवाय घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर बदलतो, म्हणून स्तंभ थोडासा उंच झाला तरी बिल त्या मानाने जास्त वाढतं. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. समजा एका महिन्यात रीडिंग ३५ दिवसांनी झालं आणि वापर १४० युनिट आला. दुसऱ्या महिन्यात २८ दिवसांत ११९ युनिट आला. पहिला स्तंभ उंच दिसेल, पण रोजचा वापर पहिल्या महिन्यात ४ युनिट आहे आणि दुसऱ्यात सव्वाचार. म्हणजे वीज जास्त जळली ती ठेंगण्या स्तंभाच्या महिन्यात. वापर वाढला म्हणून घरात कुणावर आवाज चढवण्याआधी दिवसांनी भागून पाहा.

२. रेषा, स्तंभ आणि वर्तुळ यांत फरक काय? एकच माहिती कशानेही दाखवता येत नाही का?

काढता येते, पण वाचणाऱ्याचं लक्ष वेगवेगळ्या ठिकाणी जातं. रेषेत आपण चढउतार पाहतो, स्तंभात उंची पाहतो, वर्तुळात वाटा पाहतो. रोज बदलणाऱ्या भावाला रेषा बरी, महिन्यांच्या विक्रीला स्तंभ बरे. वर्तुळाबद्दल प्रश्न ५ पाहा.

३. उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नसेल तर ती फसवणूक समजायची का?

स्तंभ असतील तर हो, मी तरी तसंच समजतो. स्तंभात डोळा उंचीची तुलना करतो. समजा एका दुकानाची विक्री ४८ लाखांवरून ५१ लाखांवर गेली. अक्ष ४५ लाखांपासून सुरू केला की एक स्तंभ ३ भागांचा आणि दुसरा ६ भागांचा दिसतो. धंदा दुप्पट झाल्यासारखा वाटतो, खरी वाढ आहे सव्वासहा टक्के.

रेषेची गोष्ट वेगळी. तिथे आपण उंची मोजत नसून हालचाल बघत असतो. डॉलरचा रुपयातला भाव शून्यापासून काढला तर वर्षभराची रेषा सपाट दिसेल आणि आयात करणाऱ्याला त्यातून काही कळणार नाही. तिथे अक्ष मधूनच सुरू करणं योग्य आहे, फक्त वाचणाऱ्याने त्यावरचे आकडे वाचायला हवेत.

४. मिलियन, बिलियन, लाख कोटी वाचताना गोंधळ होतो. सोपा उपाय?

एक मिलियन म्हणजे दहा लाख, एक बिलियन म्हणजे शंभर कोटी. एवढं पाठ असू द्या. मग एका नगामागे किंवा एका माणसामागे किती, ते काढा. आकडा लगेच ओळखीचा होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयचे व्यवहार २० बिलियनच्या वर गेले, म्हणजे २,००० कोटींच्या वर. त्यांची रक्कम होती सुमारे २४.८५ लाख कोटी रुपये. भागाकार केला की एका व्यवहारामागे साधारण १,२४० रुपये येतात. यूपीआयवर बातमी असेल तर आलेख व्यवहारांच्या संख्येचा आहे की रकमेचा, हेही बघा.

इथेच तिमाहीचंही सांगून टाकतो. आपल्याकडच्या बहुतेक कंपन्यांची पहिली तिमाही एप्रिल ते जून असते. अमेरिकी कंपन्यांच्या आलेखात ती बऱ्याचदा जानेवारी ते मार्च असते.

५. अर्थसंकल्पाच्या दिवशी ‘रुपया कसा येतो, कसा जातो’ असं वर्तुळ दाखवतात. त्यातून नक्की काय कळतं?

वाटा कळतो, रक्कम कळत नाही. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात येणाऱ्या रुपयातले २४ पैसे कर्ज आणि इतर देण्यांमधून, २२ पैसे प्राप्तिकरातून, १८ पैसे जीएसटी व इतर करांतून आणि १७ पैसे कंपनी करातून धरले होते. जाणाऱ्या रुपयातले २२ पैसे राज्यांच्या करवाट्याला आणि २० पैसे व्याजाला. संरक्षणाला ८ पैसे.

आता एखाद्या वर्षी संरक्षणाचा तुकडा तेवढाच राहिला म्हणून ‘तरतूद वाढवलीच नाही’ असं म्हणता येत नाही. वर्तुळ दर वर्षी एकाच आकाराचं काढतात, पण अर्थसंकल्प दर वर्षी मोठा होत असतो. आठ पैशांचे आठच राहिले तरी रुपये वाढलेले असतात. दोन वर्षांची दोन वर्तुळं शेजारी ठेवून रकमांची तुलना करणं म्हणूनच चूक आहे.

६. ‘बाजार चार हजार अंकांनी कोसळला’ हे किती मोठं समजायचं?

अंक सोडून द्या, टक्के काढा. २८ एप्रिल १९९२ रोजी, हर्षद मेहता प्रकरण उघडकीला आल्यावर, सेन्सेक्स ५७० अंकांनी पडला. २३ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या तोंडावर, तो ३,९३५ अंकांनी पडला. ४ जून २०२४ रोजी, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, ४,३९० अंकांनी. अंकांच्या स्तंभात १९९२ ची घसरण दिसणारही नाही. टक्क्यांत मात्र १९९२ चा दिवस पावणेतेरा टक्क्यांचा होता, २०२० चा सव्वातेराच्या जवळचा आणि २०२४ चा पावणेसहाच्या आसपास. ज्या दिवशी सर्वांत जास्त अंक गेले, तो दिवस या तिघांत सर्वांत सौम्य होता.

‘इतिहासातील सर्वांत मोठी घसरण’ अशी पट्टी दिसली की ती अंकांत आहे का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ झालं.

७. व्याजदर ४ वरून साडेसहा झाला तर वाढ अडीच टक्के की साडेबासष्ट टक्के?

दोन्ही हिशेब खरे आहेत. दरात अडीच टक्क्यांची भर पडली आणि मूळ दराच्या तुलनेत तो साडेबासष्ट टक्क्यांनी वाढला. गोंधळ टाळायला बँकवाले बेसिस पॉइंट वापरतात: शंभर बेसिस पॉइंट म्हणजे एक टक्का, म्हणून ही वाढ २५० बेसिस पॉइंटची. कुणाला घाबरवायचं असेल तर तो साडेबासष्ट सांगतो, कुणाला सावरायचं असेल तर अडीच.

हे उदाहरण खरं आहे. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर (ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो) मे २०२० पासून मे २०२२ पर्यंत ४ टक्के होता, तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत टप्प्याटप्प्याने साडेसहा झाला आणि फेब्रुवारी २०२५ पर्यंत तिथेच राहिला. त्याचा आलेख पायऱ्यांचाच हवा. दोन बैठकांमधले बिंदू तिरक्या रेषेने जोडले की दर रोज थोडाथोडा वाढत होता असं वाटतं, आणि तसं होत नाही.

८. महागाईचा आलेख खाली आलाय म्हणतात, मग किराणा स्वस्त का होत नाही?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. तो विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. आलेखाखाली नीट लिहिलेलं नसतं.

तो आलेख किमतींचा नसतो, किमती वाढण्याच्या वेगाचा असतो. वेग कमी झाला तरी किमती वरच जात असतात. जुलै २०२३ मध्ये, टोमॅटोने उच्छाद मांडला होता तेव्हा, किरकोळ महागाईचा दर ७.४४ टक्के होता. जुलै २०२४ मध्ये तो साधारण साडेतीन टक्क्यांवर आला. रेषा निम्म्यावर आली. आता जुलै २०२२ मध्ये १०० रुपयांना येणारी पिशवी घ्या. जुलै २०२३ मध्ये ती १०७ रुपये ४४ पैशांना आली आणि जुलै २०२४ मध्ये सुमारे १११ रुपयांना. वेगाची रेषा खाली गेली, पिशवी आणखी महागली. किराणा स्वस्त व्हायचा तर तो दर शून्याच्या खाली जायला हवा.

दुसरी गोष्ट, हा दर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढतात. मागचा जुलैच फार महाग असेल तर यंदाचा जुलै आपोआप सौम्य दिसतो. म्हणून अशा आलेखातला एखादा खड्डा किंवा उंचवटा दिसला की बरोबर बारा महिने मागे काय झालं होतं ते पाहायची सवय लावून घ्या.

९. चोवीस टक्के घट आणि नंतर वीस टक्के वाढ, म्हणजे फक्त चार टक्क्यांचंच नुकसान ना?

नाही. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं सकल उत्पादन पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घटलं आणि पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत २०.१ टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर झालं. १०० चे ७६.१ झाले. वाढ झाली ती ७६.१ वर, त्याचे झाले ९१.४. म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या तुलनेत अजून साडेआठ टक्के कमीच. घट मोठ्या आकड्यावर बसते, वाढ लहान आकड्यावर. निम्मे झालेले पैसे मूळ जागी यायला शंभर टक्के वाढ लागते, हा हिशेब शेअरमध्ये पैसे घालणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ हवा.

१०. सेन्सेक्सच्या जुन्या आलेखात सुरुवातीची वीस-पंचवीस वर्षं सपाट का दिसतात?

तो साध्या मोजपट्टीवर काढलेला असतो म्हणून. सेन्सेक्सचं आधारवर्ष १९७८-७९ आहे, तेव्हाचा आकडा १०० धरलेला. जुलै १९९० मध्ये तो १,००० झाला, फेब्रुवारी २००६ मध्ये १०,००० आणि जुलै २०२४ मध्ये ८०,०००. वीस सेंटिमीटर उंच कागदावर ८०,००० बसवले तर १०० ते १,००० हा सगळा प्रवास दोन-सव्वादोन मिलिमीटरमध्ये उरकतो. त्या अकरा वर्षांत पैसे दहापट झाले होते, पण डोळ्याला काहीच दिसत नाही. १९९२ ची ती घसरण दीड मिलिमीटरचीही भरत नाही.

लॉग स्केल नावाच्या मोजपट्टीवर समान अंतर म्हणजे समान पट. तिथे १०० ते १,००० आणि १,००० ते १०,००० यांची उंची एकच असते. रेषा सरळ तिरकी असेल तर वाढीचा टक्का स्थिर होता, ती वाकून आडवी होत गेली तर टक्का मंदावला. दहा वर्षांपेक्षा मोठ्या काळाचा आलेख मी तरी लॉग स्केलवरच पाहतो. मोबाईलवरच्या बहुतेक चार्टमध्ये हा पर्याय सेटिंगमध्ये असतो.

११. माझा शेअर एका दिवसात निम्म्यावर आला. बुडाला का?

आधी बोनस (कंपनीने फुकट दिलेले जादा शेअर) किंवा स्प्लिट (एका शेअरचे लहान भाग) झालाय का ते बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस दिला तेव्हा अडीच हजारांच्या पुढचा भाव तेराशेच्या घरात आला. शेअर दुप्पट झाले, किंमत निम्मी झाली, पैसे तेवढेच राहिले. चांगल्या चार्टमध्ये जुने भाव त्या हिशेबाने बदलून घेतलेले असतात, तिथे ही घसरण दिसत नाही. पण त्यामुळे तुमच्या जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरचा भाव आणि चार्टवरचा त्या दिवसाचा भाव जुळणार नाही, त्याने गडबडून जाऊ नका.

म्युच्युअल फंडातही असाच प्रकार घडतो. ‘आयडीसीडब्ल्यू’ म्हणजे पूर्वीचा डिव्हिडंड पर्याय असेल तर वाटप झालं की एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, तेवढी उतरते. वाटप न करणाऱ्या ग्रोथ पर्यायाच्या आलेखाशी त्याची थेट तुलना करू नका.

१२. फंडाच्या जाहिरातीत ‘दहा हजारांचे इतके झाले’ असा आलेख असतो. त्यात काय तपासायचं?

सुरुवातीची तारीख. बाकी सगळं नंतर. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स २६ हजारांच्या किंचित खाली बंद झाला आणि बरोबर एक वर्षाने ५० हजारांच्या वर होता. तिथून आलेख सुरू केला तर वर्षात नव्वद टक्क्यांहून जास्त वाढ. पण जानेवारी २०२० मध्ये हाच निर्देशांक ४२ हजारांच्या जवळ होता. तिथून मोजलं तर त्याच शेवटच्या दिवशी वाढ एकोणीस-वीस टक्के. दोन्ही आलेख खरे आहेत. तळ गाठलेल्या दिवशी पैसे घातलेला माणूस मात्र सहसा भेटत नाही.

दुसरं, तुलना कशाशी केली आहे? फंडाच्या परताव्यात कंपन्यांनी दिलेला लाभांश आलेला असतो. तुलनेतल्या निर्देशांकात तो नसेल तर फंड उगाच हुशार दिसतो. म्हणून बाजाराची नियामक संस्था सेबीने फेब्रुवारी २०१८ पासून लाभांश धरलेला निर्देशांक, म्हणजे टीआरआय, वापरणं बंधनकारक केलं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या चित्रांत ही काळजी कुणी घेत नाही.

१३. लासलगावच्या कांद्याचा आलेख कसा वाचावा? त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात.

रेषा पाहायची ती सर्वसाधारण दराची. बराचसा माल ज्या भावाने गेला तो हा दर. किमान आणि कमालचा मध्य नव्हे. समजा किमान ६००, कमाल २,४०० आणि सर्वसाधारण १,९०० असेल. मध्य काढला तर १,५०० येतो, पण जास्त माल १,९०० च्या आसपास गेला आहे. किमान दर कधीकधी भिजलेल्या एखाद्याच ट्रॉलीचा असतो आणि कमाल दर निवडक मालाचा. शेतकऱ्याला ‘आज चोवीसशे फुटला’ असं कमाल दरावरून सांगणं अन्यायाचं आहे. त्या भावाने फार थोड्यांचा माल जातो. दर क्विंटलचा असतो, किलोसाठी शंभराने भागा.

आता काळ पाहा. उन्हाळ कांदा मार्च ते मे निघतो, चाळीत साठवला जातो आणि तोच दिवाळीच्या आसपासपर्यंत पुरवायचा असतो. म्हणून ऑगस्ट ते ऑक्टोबरात रेषा वर जाणं हा दर वर्षीचा कल आहे. पावसाने खरिपाचा लाल कांदा लांबला की ती जास्तच वर जाते. मे महिन्याची ऑक्टोबरशी तुलना करून ‘भाव दुप्पट’ म्हणणं निरर्थक, मागच्या ऑक्टोबरशी करा.

मग धोरणाच्या तारखा. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातच बंद झाली. या दोन तारखांना आलेखावर उभ्या रेघा मारून घ्या, मग त्यापुढचे वळसे समजतात. ऑगस्टच्या निर्णयानंतर नाशिक जिल्ह्यात लिलावही बंद पडले होते. लिलाव नसलेले दिवस आलेखात बहुधा सरळ रेषेने जोडलेले असतात. ती रेषा म्हणजे स्थिर भाव नव्हे, त्या दिवशी भावच निघालेला नसतो.

१४. डावीकडे भाव आणि उजवीकडे आवक असे दोन अक्ष असतील तर?

दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात त्या जागेला काहीही अर्थ नसतो. एका बाजूची मोजपट्टी थोडी ताणली की छेद दुसरीकडे सरकतो. आवक वाढल्यावर भाव किती दिवसांनी हलतो, एवढंच अशा आलेखातून पाहावं.

१५. माझ्या दुकानाची सप्टेंबरची विक्री मागच्या वर्षीपेक्षा खूप कमी दिसतेय. धंदा बसला का?

कॅलेंडर काढा. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. मखर, पूजासाहित्य, मिठाई, कपडे यांची खरेदी त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत होते. म्हणजे २०२३ मध्ये ती बरीचशी सप्टेंबरात पडली आणि २०२५ मध्ये जवळजवळ सगळी ऑगस्टमध्ये. इंग्रजी महिन्यांचे स्तंभ शेजारी ठेवले की ऑगस्ट फुगलेला आणि सप्टेंबर खचलेला दिसणारच. दिवाळीचं तेच: लक्ष्मीपूजन २०२३ ला १२ नोव्हेंबर, २०२५ ला २१ ऑक्टोबर.

उपाय असा की चतुर्थीआधीचे २१ दिवस हा एक स्तंभ धरा आणि त्याची मागच्या वर्षीच्या चतुर्थीआधीच्या २१ दिवसांशी तुलना करा. ते जमत नसेल तर ऑगस्ट-सप्टेंबरची बेरीज घ्या.

अधिक मास आला की हिशेब आणखी सरकतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण १८ जुलै ते १६ ऑगस्ट होता, त्यामुळेच पुढचे सण उशिरा आले. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, ऐन लग्नसराईत. मंगल कार्यालय, केटरिंग, बस्त्याचं दुकान यांचा त्या महिन्यातला खड्डा पंचांगाचा आहे, धंद्याचा नाही. जावयाला अधिक मासाचं वाण द्यायचं म्हणून चांदीच्या दुकानात मात्र त्याच दिवसांत गर्दी असते.

१६. गृहकर्जाच्या आलेखात पाच वर्षं हप्ते भरूनही मुद्दल कमी झालेलं दिसत नाही. बँकेने चूक केली का?

बहुधा नाही. ३० लाखांचं कर्ज, ९ टक्के, २० वर्षं, असं धरा. हप्ता येतो सुमारे २६,९९२ रुपये. पहिल्या हप्त्यातले २२,५०० व्याजाचे आणि जेमतेम साडेचार हजार मुद्दलाचे. हप्त्यातला मुद्दलाचा भाग व्याजापेक्षा मोठा व्हायला बारा वर्षं उलटावी लागतात, आणि अर्धं मुद्दल फिटायला चौदा. म्हणून शिल्लक कर्जाची रेषा आधी जेमतेम उतरते आणि शेवटी कड्यावरून घसरते. जास्तीचे पैसे भरायचे असतील तर सुरुवातीच्या वर्षांत भरा. तेव्हाचा प्रत्येक रुपया पुढच्या सगळ्या वर्षांचं व्याज वाचवतो. दर बदलणारा असेल तर हप्ता तोच ठेवून मुदत वाढवलेली आहे का, तेही बँकेला विचारा (रेपोसाठी प्रश्न ७).

१७. कँडलस्टिक चार्टमधल्या मेणबत्त्या कशा वाचायच्या?

जाड भाग म्हणजे उघडलेला आणि बंद झालेला भाव यांच्यामधलं अंतर. वरखालच्या बारीक रेघा म्हणजे त्या काळातला कमाल आणि किमान भाव. हिरवी असेल तर बंद भाव उघडलेल्यापेक्षा वर, लाल असेल तर खाली. एक मेणबत्ती एका दिवसाची आहे की पाच मिनिटांची, ते वर लिहिलेलं असतं. ते आधी बघा.

१८. एका कंपनीचा ग्राहकसंख्येचा आलेख कधीच खाली येत नाही. इतकी चांगली कंपनी असू शकते?

‘आजवरचे एकूण ग्राहक’ असं लिहिलेलं असेल तर ती रेषा खाली येऊच शकत नाही. सोडून गेलेलेही त्यात मोजलेले असतात. दर महिन्याला किती नवे आले आणि किती टिकले, हे विचारा. बेरजेच्या रेषेचा चढ कमी होत असेल तर नवे येणारे आटत आहेत.

१९. शेवटचा स्तंभ एकदम ठेंगणा असेल किंवा रेषा तुटक असेल तर काय समजायचं?

ठेंगणा स्तंभ बहुतेक वेळा अपुऱ्या महिन्याचा असतो. दहा तारखेला काढलेल्या आलेखात चालू महिन्याचे दहाच दिवस असतात. तो स्तंभ झाकून बाकीचे वाचा. तुटक रेषा म्हणजे अंदाज. अर्थसंकल्पाच्या आलेखात तर एका रांगेत तीन प्रकारचे आकडे असतात: जुन्या वर्षांचे प्रत्यक्ष, सरत्या वर्षाचे सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचे अंदाजपत्रकीय. तिन्हींना एकच रंग दिलेला असेल तर खालची बारीक अक्षरं वाचून शेवटचे दोन स्तंभ पेन्सिलीने वेगळे करून घ्या.